खाटेभोवतीचा दवाखाना

सरकारी दवाखाना आपल्याकडे खाटांत मोजला जातो. ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय, ५० किंवा १०० खाटांचं उपजिल्हा रुग्णालय. मंजुरी खाटांवर मिळते, पदं खाटांवर ठरतात, चादरी आणि सलाईन स्टँडही खाटांच्या हिशेबानं येतात. नव्या इमारतीचं उद्घाटन झालं की पेपरात किती खाटांची भर पडली तेवढं छापून येतं. बीड जिल्ह्यात मी परिचारिका म्हणून नोकरी केली. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात, मग ग्रामीण रुग्णालयात, आणि शेवटची वर्षं वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून. खाटा मी रोज मोजल्या, रजिस्टरात लिहिल्या, वरिष्ठांना कळवल्या. पण पेशंट दोन दिवस थांबला की न सांगता रात्रीतून निघून गेला, बाईनं दुखणं बोलून दाखवलं की गिळून टाकलं, म्हातारा औषध घ्यायला पुन्हा आला की बाबा-बुवाकडे वळला, याची कारणं मला त्या रजिस्टरात कधी सापडली नाहीत. ती दिसली केसपेपरच्या खिडकीपाशी, तपासणीच्या पडद्यापाशी, संडासाच्या दारात आणि व्हरांड्यातल्या फरशीवर.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, वडवणी, धारूर, केज या भागांतून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि गाळप संपून कारखान्यांचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. दवाखान्याचं वर्षही तसंच दोन भागांत पडतं. हंगामात गावात उरतात म्हातारी माणसं आणि शाळकरी पोरं. आजोबांना दम लागला तर त्यांच्याबरोबर येतो नऊ-दहा वर्षांचा नातू, नाहीतर शेजारीण. पट्टा पडला की सगळं उलटं होतं. सहा महिने अंगावर काढलेली दुखणी घेऊन बाया एकदम येतात आणि ओपीडीची रांग उन्हात फाटकाकडे सरकत जाते. नकाशा करणाऱ्यानं सरासरी गर्दी धरलेली असते. आमच्याकडे एक तर दवाखाना रिकामा वाटतो, नाहीतर पाय ठेवायला जागा नसते.

दवाखान्याशी माणसाची पहिली गाठ पडते ती केसपेपरच्या खिडकीत. बऱ्याच ठिकाणी ही खिडकी म्हणजे जाळीत ठेवलेलं एक भोक असतं, तेही छातीच्या खाली. कंबर धरलेल्या म्हातारीनं वाकून, मान तिरपी करून आपलं नाव सांगायचं, आतल्यानं “मोठ्यानं बोला” म्हणायचं. कडेवर लेकरू असलेल्या बाईला पिशवी टेकवायला कट्टा नसतो, म्हणून २०२३ पर्यंत केसपेपरला पैसे पडायचे तेव्हा ते काढताना लेकरू खाली ठेवावं लागायचं. पुढे आत गेलं की पाट्या. ‘क्ष-किरण विभाग’, ‘बाह्यरुग्ण विभाग’, ‘असंसर्गजन्य रोग कक्ष’. लिहिणाऱ्यानं शुद्ध लिहिलं, पण विचारणारी विचारते, “बाई, फोटू कुठं काढतेत?” हंगामाच्या दिवसांत तर पेशंट आणि सोबतीण दोघीही निरक्षर असायच्या. आम्ही एकदा रंगकाम चाललेलं असताना पेंटरकडून फरशीवर पट्टे मारून घेतले. लाल पट्टा रक्त तपासायला, निळा फोटो काढायला, हिरवा औषधं घ्यायला. त्यानंतर “लाल पट्टीनं जावा” एवढं सांगितलं की पुरायचं. माणसं चुकत नव्हती, आणि दहादा विचारावं लागत नसल्यामुळे कुणाचं वसवस करणंही ऐकून घ्यावं लागत नव्हतं. आमच्या बाजूनं पाहिलं तर वसवस करणंही कमी झालं.

तपासणीच्या खोलीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांचं टेबल आणि बायकांची तपासणी एकाच खोलीत, मधे तीन पाखांचा चाकांचा पडदा. पडद्याचं कापड एका बाजूनं कमी, आणि दार उघडं, कारण दारात रांग उभी. रांगेत गावातलेच पुरुष. अशा जागी कुठली बाई सांगेल की अंगावरून पांढरं जातंय? ती म्हणते, “पोट दुखायलंय.” डॉक्टर पोटाच्या गोळ्या देतात. ती घरी जाते, दुखणं तसंच. पुढच्या वेळी ती सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. उसने पैसे घेऊन शहरातल्या खासगी दवाखान्यात जाते, जिथं निदान दार लावून तिचं ऐकलं जातं.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचा प्रश्न राज्यभर गाजला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यामागे आगाऊ घेतलेली उचल, गैरहजेरीवर कापला जाणारा मुकादमाचा खाडा, फडावर पाळीच्या दिवसांत होणारे हाल, कॅन्सरची घातलेली भीती अशी मोठी कारणं होती आणि त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यात एक छोटं कारण जोडावंसं वाटतं. साध्या जंतुसंसर्गाचं औषध आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळत होतं. ते मिळण्यासाठी बाईला बोलता यायला हवं होतं, आणि बोलण्यासाठी कडी लागणारं एक दार हवं होतं. आम्ही नंतर स्टोअरची अर्धी खोली रिकामी करून तिथं तपासणीचं टेबल नेलं, आतून कडी बसवली, बाहेर बायकांसाठी वेगळा बाक ठेवला. औषधं तीच होती, डॉक्टर तेच होते. पण ‘पोट दुखायलंय’ म्हणणाऱ्या बाया मूळ दुखण्यावर येऊ लागल्या.

बाळंतपणाची खोली हा माझ्या नोकरीचा मुख्य भाग. मी नोकरीला लागले तेव्हाच्या इमारतींत लेबर रूमचं दार सरळ बोळात उघडायचं आणि बोळात सासरा, दीर, जीप घेऊन आलेला शेजारी असे सगळे बसलेले. दोन लेबर टेबलं शेजारी शेजारी, मधे काही नाही. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बाया तोंडात पदराचा बोळा कोंबायच्या. मी म्हणायचे, “ओरड माय, मोकळी ओरड.” ती मान हलवायची आणि दाराकडे बोट दाखवायची. भीतीनं आणि लाजेनं अंग आवळून धरलं की कळा मंदावतात, बाई थकते, बाळंतपण लांबतं, हे सुईणींनाही ठाऊक होतं आणि वैद्यकशास्त्रही तेच सांगतं. भीतीच्या वेळी शरीरात जी संप्रेरकं वाढतात ती कळांच्या आड येतात. म्हणजे दार कुठं उघडतं हा नुसता अब्रूचा प्रश्न नाही, बाळंतपण किती वेळ चालेल याचाही आहे.

केंद्र सरकारचा ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम २०१७ च्या शेवटी आला. त्यात प्रसूतीच्या प्रत्येक टेबलाला आडोसा, जवळ स्वच्छतागृह, बाईबरोबर तिची एक सोबतीण असू देणं, अशा गोष्टी कागदावर आल्या. आमच्यासारख्यांना त्यामुळे बळ मिळालं. पडद्यासाठी छताला पाइप लावला, पुरुषांचे बाक बोळाच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि आईला किंवा जावेला आत घेऊ लागलो. सुरुवातीला आमच्यातल्याच काहींचा विरोध होता, ‘गर्दी होते, जंतू वाढतात’ म्हणून. पण कमरेला हात चोळणारं माणूस जवळ असलं की बाई आमचं ऐकते, हे दोन-चार रात्रपाळ्यांत सगळ्यांनीच पाहिलं. खोलीत मात्र सोबतिणीला उभं राहायला जागाच धरलेली नसायची. ती ट्रॉली आणि भिंत यांच्या सांदीत उभी राहायची.

बाळंतीण वॉर्डात आली की दुसरं प्रकरण सुरू होतं. प्रसूतीनंतर ४८ तास दवाखान्यात राहावं, असा नियम आहे, कारण जास्तीचा रक्तस्राव आणि बाळाचे धोके याच काळात कळतात. आमच्या बाया मात्र सकाळी बाळंत झाल्या की संध्याकाळी निघायचं म्हणायच्या. आम्ही समजावायचो, रागवायचो, अंगठा घेऊन सोडायचो. त्या का जातात हे मात्र नीट विचारल्यावरच कळलं. एक म्हातारी म्हणाली, “इथं पोरीला ऊन पाणी कुठंय? अन् डोक्यावर हा पंखा. वारं लागंल तिला.” घरी बाळंतिणीची आडोशाची खोली असते, बाज असते, खाली शेगडी असते, अंगावरून कढत पाणी ओततात. इथं उंच लोखंडी खाट, मधोमध फिरणारा पंखा आणि न्हाणीत गार पाण्याचा एक नळ. खाटेच्या उंचीचं तर असं की झोपेत बाळ पडेल या भीतीनं कितीतरी जणी बाळ घेऊन खाटेखाली फरशीवर निजायच्या. राउंडला साहेब आले की आम्ही त्यांना वर चढवायचो, साहेब गेले की त्या पुन्हा खाली. रजिस्टरात खाट भरलेली आणि प्रत्यक्षात रिकामी.

वाऱ्याचा समज डॉक्टरी हिशेबात बसत नाही, म्हणून तो हसण्यावारी नेता येतो. पण त्या म्हातारीचं अर्धं म्हणणं बरोबरच होतं: ओल्या, नुकत्याच जन्मलेल्या बाळाला पंख्याचा थेट झोत नकोच असतो, ते गार पडतं. पंखे खाटेच्या डोक्यावरून काढून मधल्या वाटेवर घेतले तर दोन्ही बाजू राखल्या जातात. खाटा बुटक्या असाव्यात, बाळंतिणीच्या न्हाणीत गरम पाणी असावं, सासूला टेकायला खाटेलगत एक रुंद कट्टा असावा. आमच्याकडे सोलरचं गरम पाणी बसलं तेव्हा त्याच वॉर्डात दुसऱ्या रात्रीपर्यंत थांबणाऱ्या बाया वाढल्या. बीडमध्ये ऊन फुकट आहे. ते न्हाणीपर्यंत आणायला मात्र बरीच वर्षं लागली.

उन्हाचा विषय निघालाच आहे. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं जाड मातीच्या भिंतींची, वर मातीचा थर असलेली, पुढे ढाळज किंवा ओसरी असलेली. भर उन्हाळ्यातही आत गारवा राहायचा. आमचे दवाखाने मात्र सपाट स्लॅबचे, वरच्या मजल्यावर बायकांचा वॉर्ड, पश्चिमेला खिडक्या. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत तव्यासारखी धग सोडतो. ऑपरेशन झालेली बाई घामानं भिजते, टाके ओले होतात, झोप लागत नाही. मग वीज गेली की सगळा वॉर्ड उठून व्हरांड्यात. कुटुंबनियोजनाच्या शिबिरानंतर खाटा कमी पडायच्या तेव्हा गाद्या खाली टाकाव्या लागत, आणि खरं सांगायचं तर व्हरांड्यात गादी मिळालेल्या बायांना आतल्यांपेक्षा बरी झोप लागायची.

खिडकीचं महत्त्व परिचारिकांना नवं नाही. ज्यांना आमच्या व्यवसायाची आई मानलं जातं त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये रुग्णालयांच्या बांधणीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. लांबट वॉर्ड, दोन्ही बाजूंना समोरासमोर खिडक्या, आरपार हवा, परिचारिकेला एका नजरेत सगळे रुग्ण दिसतील अशी मांडणी, हा त्यांचा आग्रह. त्या भारतात कधी आल्या नाहीत, तरी इथल्या छावण्यांच्या आणि गावांच्या आरोग्यावर त्यांनी वर्षानुवर्षं लिहिलं. आपल्याकडच्या जुन्या दवाखान्यांत त्या विचाराच्या खुणा दिसतात: उंच छत, लाकडी दोन पाखांच्या खिडक्या, वर झरोके. नव्या इमारतींत अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आल्या. दिसायला छान, पण सरकती खिडकी पूर्ण उघडतच नाही. एक पाख दुसऱ्यामागे जातं आणि अर्धी खिडकी कायम बंद. क्षयाचा पेशंट आणि तापानं फणफणलेलं लेकरू जिथं एकाच बोळात बाकावर बसतात, तिथं ही अर्धी खिडकी फार महाग पडते. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात आणि कोंडलेल्या हवेत तासन् तास तरंगत राहतात.

खिडकीतून काय दिसतं, यावरही अभ्यास झाला आहे. रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकानं १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो मांडला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण त्यानं निवडले. त्यातल्या २३ जणांच्या खिडकीतून झाडं दिसत, २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरीनं लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनेची कडक औषधं कमी लागली. मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडली: रुग्ण रडवेला होता की खुशीत होता, हे त्यानं परिचारिकांनी लिहून ठेवलेल्या नोंदींवरून काढलं. रात्रपाळीत आम्ही जे दोन शब्द खरडतो, त्यांतूनही शास्त्र उभं राहतं.

पण हा अभ्यास जसाच्या तसा उचलून बीडला आणता येत नाही. आमच्याकडे तळमजल्यावरच्या वॉर्डाची खिडकी उघडली की बाहेरचे लोक आत डोकावतात, म्हणून काचांना रंग फासलेला असतो किंवा वर्तमानपत्र चिकटवलेलं असतं. मे महिन्यात खिडकी उघडणं म्हणजे झळा आत घेणं. म्हणून इथं आधी छज्जा हवा, खिडकीचा खालचा भाग बंद आणि वरचा उघडा हवा, आणि बाहेर कडुलिंबाचं झाड हवं. लिंब आमच्या मातीत कमी पाण्यावर तग धरतो. इमारत बांधताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते आणि उद्घाटनाला कुंडीतली शोभेची झाडं येतात. ओपीडीत ज्यांना बसायला जागा नसते ती माणसं कुठं जातात ते पाहिलं तर कुंपणाशी वाचलेला एखादा लिंब दाखवता येईल. तिथंच भाकरी सोडतात, तिथंच लेकराला पाजतात, तिथूनच नाव पुकारलं की धावत येतात.

निजलेल्या माणसाला भिंतींपेक्षा छत जास्त दिसतं. फिनलंडमधल्या पाइमिओ इथं अल्वार आल्तो या वास्तुविशारदानं १९३३ मध्ये पूर्ण केलेल्या क्षयरुग्णालयात हे ध्यानात घेतलं होतं. छताला डोळ्यांना शांत वाटेल असा गडद रंग, दिवे निजलेल्याच्या डोळ्यांवर येणार नाहीत अशा जागी, आणि शेजारचा रुग्ण जागा होऊ नये म्हणून पाण्याचा आवाज न होणारं बेसिन. आमच्या वॉर्डात ट्यूबलाइट बरोबर डोळ्यांवर. एका खाटेवरचं सलाईन बदलायचं तरी सगळा वॉर्ड उजळायचा. आम्ही प्रत्येक रांगेचं बटण वेगळं करून घेतलं. गावातल्या वायरमनचं ते दुपारभराचं काम होतं.

संडासाबद्दल लिहायला लोक संकोचतात, म्हणून तिथली दुरुस्तीही रखडते. टाके पडलेल्या बाईला उकिडवं बसताना धरायला भिंतीला दांडा नाही. दाराला कडी नाही, म्हणून सोबतिणीनं बाहेर दार धरून उभं राहायचं. वॉर्ड एका टोकाला आणि संडास दुसऱ्या टोकाला, मधे अंधारा बोळ. अशा ठिकाणी बाया पाणी पिणंच बंद करतात, जेणेकरून जावं लागू नये. पाणी कमी प्यायल्यानं लघवीची जळजळ वाढते. २०१५ मध्ये ‘कायाकल्प’ पुरस्कार योजना आली, तेव्हापासून स्वच्छतेकडे लक्ष वाढलं, भिंती रंगल्या, बागा झाल्या, हे मान्य करायलाच हवं. तरी तपासणीला येणाऱ्या पथकाला भिंतीवरचं चित्र चटकन दिसतं. कडीचा अभाव आत जाऊन दार लावू पाहणाऱ्यालाच कळतो. आणि दुष्काळ पडला की सगळंच अडतं. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं गेलं, त्या वर्षी आम्हीही टँकरची वाट पाहत होतो. एवढ्या मोठ्या स्लॅबचं पावसाळ्यातलं पाणी नळीवाटे गटारात जातं. ते टाकीत साठवण्याची सोय नकाशातच असायला हवी.

आता सोबतच्या माणसांकडे येते. कुणाला साप चावला तर रात्री जीपमधून दहा-पंधरा जण उतरतात. त्यांना हाकलणं हे आमच्या चौकीदाराचं मुख्य काम. पण आमच्याकडे तीच माणसं पेशंटला उचलतात, रक्त द्यायला उभी राहतात, औषध आणतात, अंबाजोगाईला रेफर केलं तर गाडी करतात. स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये तिथं सुरू झालं, ते ग्रामीण भागासाठीच. आसपासच्या तालुक्यांतले अवघड पेशंट आजही तिकडेच जातात. अशा वेळी सोबतचे लोक नसतील तर आमचं पान हलत नाही. तरीही नकाशात त्यांना निजायला, भाकर भाजायला, अंघोळीला जागा नसते. मग ते जिन्याखाली निजतात आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ संस्था सुरू केली. पुढे शोधग्राम या संस्थेच्या आवारात दवाखाना बांधताना त्यांनी आधी आदिवासींनाच विचारलं, की तुम्हाला दवाखाना कसा हवा. त्यातून गावासारख्या झोपड्यांची रचना आली, नातेवाइकांना पेशंटजवळ राहण्याची सोय आली आणि दवाखान्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. लोकांना विचारून बांधलेला दवाखाना महाराष्ट्रातच उभा आहे, त्यासाठी परदेशाकडे पाहायची गरज नाही. २०२० आणि २०२१ मध्ये याच्या उलट काय होतं तेही दिसलं. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला वृद्ध आणि मनोरुग्णांसाठी उभारलेल्या इमारतींत कोविडचे रुग्ण ठेवावे लागले, आणि सगळ्याच कोविड वॉर्डांत सोबत बंद झाली. साथीपुढे इलाज नव्हता. पण सोबतीला कुणी नसलेला माणूस जेवण सोडून देतो, हे त्या काळात वॉर्डात काम केलेली कुठलीही सिस्टर सांगेल. त्यानंतर ‘नातेवाइकांची गर्दी’ हा शब्द वापरताना माझी जीभ अडखळायला लागली.

आमच्याबद्दलही थोडं. सिस्टरची जागा बऱ्याच इमारतींत वॉर्डाच्या दाराबाहेर, काचेच्या खोलीत असते. तिथून शेवटच्या चार खाटा दिसत नाहीत. पेशंटला वाटतं बाई लक्ष देत नाही. बाईला वाटतं पेशंट उगाच ओरडतो. औषधांचं कपाट एका टोकाला, बेसिन दुसऱ्या टोकाला, म्हणून हात धुवायचे राहतात. आमचं टेबल आम्ही वॉर्डाच्या मध्यावर आणलं आणि शेजारी बेसिन बसवून घेतलं, तेव्हा हाका मारणं निम्म्यावर आलं. तिरसटपणा हा स्वभावाचा दोष मानला जातो, पण आठ तासांच्या पाळीत विनाकारण घातलेल्या फेऱ्यांचाही त्यात वाटा असतो.

वर सांगितलेल्या बहुतेक दुरुस्त्या रुग्ण कल्याण समितीच्या तुटपुंज्या निधीतून किंवा गावातल्या सुतार-वायरमनच्या मदतीनं झाल्या. कडी, दांडा, पट्टा, पाइप, बटण. इमारत उभी राहिल्यावर मात्र दार हलवता येत नाही, संडास वॉर्डाजवळ आणता येत नाही, पश्चिमेची खिडकी उत्तरेला नेता येत नाही. त्या गोष्टी नकाशावरच ठरतात, आणि नकाशा जिथं ठरतो तिथं वॉर्डात रात्र काढलेलं माणूस नसतं.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. यापुढे जिल्ह्यात कुठलाही दवाखाना बांधायचा तर पाया खणण्याआधी त्याचा नकाशा जागेवर फक्की मारून खऱ्या मापात आखावा. मग एक सिस्टर, एक सफाई कामगार आणि जुन्या दवाखान्यात बाळंत झालेली एक बाई, या तिघींना त्या रेषांवरून चालवावं. कागदावरचा नकाशा त्यांना वाचता येणार नाही कदाचित, पण फक्कीच्या रेषांवर उभं राहून दार कुठं नको आणि न्हाणी कुठं हवी हे त्या पाच मिनिटांत सांगतील. त्यांचं म्हणणं फाइलीत लिहून घ्यावं आणि अभियंत्याची सही त्यानंतर व्हावी. फक्कीच्या दोन पोत्यांपलीकडे याला काही खर्च येत नाही.